चहा नको म्हणणारी मुलं

बंगळुरूच्या पूर्वेकडच्या व्हाइटफील्डमध्ये पांढरा शर्ट, टाय आणि बिल्ला लावलेल्या तरुणाकडे कुणी वळूनही पाहत नाही. १९९० नंतर इथे सॉफ्टवेअर कंपन्यांची रांग लागली. बिल्ला लटकवलेली हजारो मुलं-मुली रोज सकाळी मेट्रोतून उतरतात. त्या गर्दीत दोघे असे असतात, की त्यांचा बिल्ला गळ्यात नसून खिशावर असतो, रंगाने काळा असतो आणि त्यावर कंपनीऐवजी चर्चचं नाव असतं. सोसायटीतल्या मराठी गृहिणी त्यांना हमखास विमा एजंट समजतात आणि दारातूनच 'नको' म्हणून टाकतात.

बिल्ल्यावर नावाआधी 'एल्डर' असं लिहिलेलं असतं. एल्डर म्हणजे वडीलधारा. हा वडीलधारा असतो अवघा एकोणीस-वीस वर्षांचा! मुलगी असेल तर तिला 'सिस्टर' म्हणतात. ही मुलं 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या पंथाची. लोक त्यांना 'मॉर्मन' म्हणतात. १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला आणि त्याचं मुख्य ठाणं आज अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. मॉर्मन म्हटलं की अनेकांना बहुपत्नीत्व आठवतं. पण ती प्रथा या चर्चने १८९० मध्येच अधिकृतपणे सोडली, एवढं सांगून पुढे जाऊ.

या पंथात तरुणाने दोन वर्षं धर्मकार्यासाठी द्यावीत अशी अपेक्षा असते. मुलींना दीड वर्षाची मुभा आहे. जगभरात आज अशी ऐंशी हजारांच्या आसपास मुलं-मुली फिरत आहेत. गंमत अशी, की कुठे जायचं हे मुलाने ठरवायचं नसतं. पूर्वी टपालाने जाडजूड पाकीट यायचं. सगळं घर, शेजारीपाजारी गोळा झाल्यावर ते फोडायचं आणि मुलाच्या नशिबी ब्राझील आहे की बंगळुरू ते कळायचं. आता पत्र ई-मेलने येतं. पगार तर नाहीच, उलट खर्च घरच्यांनी करायचा. अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी ही रक्कम दरमहा ४०० डॉलर होती, जुलै २०२० पासून ती ५०० झाली. गरीब देशांतल्या मुलांना चर्चची मदत मिळते. आपल्याकडे मुलगा परदेशी गेला की पैसे पाठवतो. इथे मुलगा परदेशी जातो आणि पैसे घरून येतात.

भारतासाठी एक गोष्ट मात्र वेगळी आहे. परदेशी माणसाला इथे धर्मप्रचार करायचा तर त्यासाठी खास व्हिसा लागतो. पर्यटक म्हणून येऊन ते काम करता येत नाही. त्यामुळे अशा जोड्यांत भारतीय मुलंच पुष्कळ दिसतात. म्हणजे एखाद्या जोडीत एक गोरा मुलगा असला, तर दुसरा बहुधा हैदराबाद किंवा विशाखापट्टणमचा तेलुगू मुलगा. खरं पाहता व्हाइटफील्ड त्यालाही परमुलूखच. कन्नड दोघांनाही येत नसतं. 'कन्नड गोत्तिल्ला' आणि 'ऊटा आय्ता?' एवढ्या भांडवलावर दोघंही बाजारहाट करतात. एकाला सांबार तिखट लागतं, तर दुसऱ्याला गुळचट.

दिवस साडेसहाला सुरू होतो. थोडा व्यायाम, नाश्ता, मग पोथीवाचन: आधी एकट्याने, नंतर जोडीने. पुढे भेटीगाठी. रात्री नऊच्या सुमाराला खोलीवर परत आणि साडेदहाला दिवा बंद. २०१७ पासून वेळापत्रकात थोडी सैल सोडली आहे, पण चौकट तीच. सिनेमा नाही, मैत्रीण नाही. आणि सगळ्यांत अवघड नियम म्हणजे एकटं राहायचं नाही. जोडीदार नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. चौकाचौकात दोन मित्र दिसतात, पण या दोघांनी एकमेकांना निवडलेलं नसतं. वरून आज्ञा येते आणि खोली, स्वयंपाकघर, जमाखर्च सारं काही एकत्र होतं. काही आठवड्यांनी पुन्हा आज्ञा येते आणि जोडी बदलते. ज्या सासुरवाशिणीने एकत्र कुटुंबात दिवस काढले आहेत, तिला यातलं मर्म लगेच कळेल. जोडीदार घोरत असेल, भांडी तशीच ठेवत असेल, तरी रुसून बाहेर निघून जायची सोय नाही. कारण गेलं तरी तो बरोबर येणार!

सोमवार बहुतेक ठिकाणी घरकामाचा. त्या दिवशी बादलीत साबण घालून पांढरे शर्ट घासायचे. मेट्रो, उड्डाणपूल, इमारती यांची कामं वर्षानुवर्षं चालू असलेल्या या भागात पांढऱ्या कॉलरची काय अवस्था होत असेल, हे सांगायला नको. घरी ज्याने कपडे यंत्रात टाकण्यापलीकडे काही केलं नाही, तो मुलगा इथे कॉलर चोळायला, कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकतो. याच दिवशी घरी बोलायचं. २०१९ पर्यंत घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच होती: नाताळला आणि मदर्स डेला. बाकी पत्रं. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्याला फोन किंवा व्हिडिओवर बोलता येतं. डेंग्यूचा ताप आला, पोट बिघडलं, तर आईला आता चेहरा पाहून कळतं. पूर्वी तो बरा झाल्यावर पत्र पोचायचं. फोनमुळे काळजी कमी झाली की वाढली, हे ज्या त्या आईलाच विचारायला हवं.

या मुलांची खरी कसोटी मात्र चहाच्या कपाशी लागते. १८३३ सालच्या एका धर्माज्ञेप्रमाणे मॉर्मन लोक दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य मानतात. आता बंगळुरूत घरी आलेल्या माणसाने फिल्टर कॉफीला नाही म्हणायचं म्हणजे काय? यजमानीण दुखावते. साखर कमी घालू का, पित्त आहे का, पथ्य आहे का, अशी सरबत्ती होते. मग ताक, लिंबू सरबत, बदाम दूध किंवा नाचणीचं माल्ट यांवर तडजोड होते. आपल्याकडे चतुर्थीचा उपास पाळणाऱ्याला चहा चालतो, म्हणून ही कुठली नवी सोवळेगिरी असं वाटणारच. मात्र स्वतःच्या घरात एखादा वारकरी कांदा-लसूण बाजूला सारतो तेव्हा आपण निमूट वेगळी भाजी करतो, हेही खरं.

चहाचा प्रश्न ताकाने सुटतो, दुसरा इतका सहज सुटत नाही. हे तरुण शेवटी दुसऱ्यांना आपल्या धर्मात बोलवायलाच आलेले असतात. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे. पण प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केलं. कर्नाटकाने २०२२ मध्ये धर्मांतराविरुद्ध कडक कायदा केला. पुढच्या सरकारने जून २०२३ मध्ये तो मागे घ्यायचं ठरवलं. अशा वातावरणात वीस वर्षांच्या पोराने जपून बोलावं, हे उत्तम. कुणी आमंत्रण दिलं तर जावं, विचारलं तर सांगावं, 'नको' म्हटल्यावर उठावं. आई-वडिलांना न सांगता कॉलेजातला मुलगा त्यांच्या सभेला जाऊ लागला, तर त्या आई-वडिलांचा राग समजण्यासारखा आहे. घर म्हणजे काही भिंती नव्हेत, तिथे आजी असते, देव्हारा असतो. या टायवाल्या पोराच्या आईलाही तिचा मुलगा दुसऱ्या कुठल्या पंथात गेला तर तेच दुःख होईल.

पुणेकरांना ठाऊक नसेल, पण या पंथाचे प्रचारक पुण्यात फार पूर्वी येऊन गेले आहेत. ह्यू फिंडले नावाचे प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरले आणि पुढे पुण्याला गेले. लष्करी अधिकारी आणि इतर पंथांचे पाद्री दोघांनीही त्यांना विरोध केला. मोजकी माणसं हाती लागली, तीही बहुतेक युरोपीय. कलकत्त्याला आलेल्या त्यांच्या साथीदारांचंही फारसं निराळं झालं नाही. १८५६ पर्यंत जवळपास सगळे परत गेले. बंगळुरूचं मिशन सुरू झालं ते १ जानेवारी १९९३ ला. देशात या पंथाचे अनुयायी आजही पंधरा हजारांच्या आसपासच. तरीही त्यांचं भारतातलं पहिलं मंदिर बंगळुरूतच, व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या रस्त्यावर बांधायचं ठरलं. एप्रिल २०१८ मध्ये घोषणा झाली, २ डिसेंबर २०२० रोजी भूमिपूजन. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे पती-पत्नीचं नातं मृत्यूपलीकडे टिकवणारा विधी मंदिरातच होतो. मंदिर देशात नसल्याने त्यासाठी जोडप्यांना परदेशी जावं लागे. ज्यांना पासपोर्टाचाच खर्च जड, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट!

व्हाइटफील्डला परके काही नवे नाहीत. हे गावच मुळी १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेलं. म्हैसूरच्या महाराजांनी जमीन दिली आणि डी. एस. व्हाइट यांच्यावरून गावाला नाव पडलं. पुढे काडुगोडीला सत्य साईबाबांचा आश्रम झाला, देशोदेशीचे भक्त आले. मग संगणकवाले आले. त्यांत नागपूर-सांगलीची मुलंही आली.

दोन वर्षं संपली की बिल्ला उतरतो. गोरा मुलगा विमानात बसतो आणि कितीतरी महिन्यांनी प्रथमच एकटा असतो. त्याच्या गावात दोन वर्षं पूर्ण करून आलेल्याला मान आहे, त्याचं कॉलेज त्याची वाट पाहतं. मधेच, आजारपणाने किंवा मन न लागल्याने परतलेल्याला मात्र लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात. तेलुगू मुलाची अडचण निराळीच. त्याचे वर्गमित्र एव्हाना नोकरीला लागलेले असतात. तो व्हाइटफील्डमध्येच एखाद्या कंपनीच्या मुलाखतीला जातो, त्याच रस्त्यावर, तोच पांढरा शर्ट घालून. समोरचा माणूस बायोडेटावर बोट ठेवतो आणि विचारतो, "ही मधली दोन वर्षं तुम्ही काय करत होता?"