नासणं आणि मुदत संपणं

परवा ‘व्हरव्हल’ हा डच शब्द कळला. घर मोडकळीला येणं आणि परवान्याची मुदत संपणं, दोन्हीला हा एकच! आपल्याकडे दूध नासतं, भात आंबतो, खोबरं खवट होतं. मुदत मात्र कागदावर संपते.

डच लोकही बांधाआड राहणारे, तरी त्यांनी दोन्ही एकत्र कसं केलं? इथे जित्याहून पेणच्या खारेपाटात गेलं की दिसतं: बांधाला खांड पडली की खारं पाणी भातशेतात शिरतं. जमीन नापीक होते, सातबारा शाबूत राहतो.

ही गेली तेव्हा तिच्या गोळ्यांची मुदत आठ महिने शिल्लक होती. आता मुदतही संपली. पाकीट अजून कपाटात आहे. टाकवत नाही.