अजमानला पाहायचं काय?

भारतातून पाहुणे आले की आम्ही अजमानकर मंडळी त्यांना गाडीत घालतो आणि थेट दुबईला नेतो. अजमानमध्ये काय दाखवणार? सात अमिरातींतली ही सर्वांत लहान अमिरात, जेमतेम 260 चौरस किलोमीटर. इथे आपण राहतो, कारण भाडं परवडतं. बघण्यासारखं सगळं पुढे, असा आपला समज.

हा समज आमच्या घरी एका शाळेच्या प्रोजेक्टने मोडला. 'माझ्या गावातली जुनी वास्तू' असा विषय होता. चिरंजीव जन्मले इथले, वाढले इथले, आणि चित्र काढलं शनिवारवाड्याचं! तो त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिलेला. 'इथे जुनं काही नाहीच ना,' हे वर स्पष्टीकरण. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. घरापासून दहा मिनिटांवर किल्ला आहे, पण त्याच्यावरून आम्ही फक्त भाजी आणायला जात होतो.

तर वाचकहो, तो किल्ला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे आपल्याकडे पेशवाई चालू होती तेव्हाचा. रायगड-सिंहगड मनात ठेवून जाल तर निराश व्हाल. ना डोंगर, ना खंदक. समुद्रातले प्रवाळाचे दगड, माती आणि जिप्सम भाजून केलेला चुना, यांच्या जाड भिंती. छताला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले खारफुटीचे वासे, त्यावर खजुराच्या झावळ्यांच्या चटया. हे वासे फार लांब मिळत नसत, म्हणून या भागातल्या जुन्या घरांतल्या खोल्या अरुंद आणि लांबट. सुताराने नव्हे, झाडाने ठरवलेलं माप!

आम्हाला सर्वांत आवडला तो वारा पकडणारा मनोरा, इथल्या भाषेत 'बर्जील'. चारी बाजूंनी उघडा, आत उभ्या आडभिंती. वारा कुठूनही आला की अडतो आणि खाली खोलीत उतरतो. वीज आली नव्हती तेव्हाचा हा एसी, आणि बिल शून्य.

सुमारे 1970 पर्यंत राज्यकर्ते इथे राहत. मग इथे पोलिसांचं मुख्यालय आलं. 1978 मध्ये पोलीस नव्या इमारतीत गेले, तेव्हा जुनं पाडून नवं बांधायची या देशात नुसती धांदल चालली होती. तरी हा किल्ला राहिला आणि त्याचं संग्रहालय झालं. पुण्यातले किती वाडे त्याच काळात आणि नंतर पडले ते आठवून आम्हाला जरा हेवाच वाटला.

याच किल्ल्यावर 1920 च्या आसपास ब्रिटिश युद्धनौकांनी तोफा डागल्या होत्या. शेखांना दंड केला होता, तो त्यांनी भरला नाही म्हणून. आणि दंड कशात? रुपयांत! 1966 पर्यंत या किनाऱ्यावर रुपयाच चालत होता. 1959 पासून तर आपली रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत असे. त्याही आधी, 1820 मध्ये अजमानच्या शेखांनी इंग्रजांशी पहिला तह केला, तेव्हा समोर उभं असलेलं आरमार मुंबईहून आलेलं होतं. आपली मुंबई इथे तोफा घेऊनही आली होती, हे मुलांना सांगायलाच हवं.

संग्रहालयात मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचं सामान मांडलं आहे. नाकाला लावायचा चिमटा, पायाला बांधायचा दगड, शिंपल्यांची टोपली. इथे सौ. थबकल्या. आजीच्या नथीतले 'बसऱ्याचे मोती' बसऱ्याच्या बाजारपेठेच्या नावाने ओळखले जात, पण निघत ते याच आखातातून, आणि विकायला जात मुंबईला. जपानने मोत्यांची शेती सुरू केली, त्यात 1930 च्या सुमाराची मंदी आली आणि हा धंदा बुडाला.

अंगणात मुवैहात इथली गोल दगडी कबर पुन्हा रचून ठेवली आहे. 1986 मध्ये पाईप टाकताना सापडली. वय चार हजार वर्षांहून जास्त! म्हणजे ज्या काळात सिंधू संस्कृतीची माणसं या किनाऱ्यांशी व्यापार करत होती, त्या काळातली.

आणि रोमन अवशेष हवेत? त्यासाठी युरोपला जायला नको. शेजारच्या उम्म अल क्वैनमध्ये अद-दूर नावाची जागा आहे. वाळूत इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं सूर्यदेवाचं लहानसं मंदिर, आणि उत्खननात निघालेली रोमन काच नि नाणी. त्याच सुमारास इजिप्तमधल्या एका ग्रीक खलाशाने 'पेरिप्लस' नावाची प्रवासवही लिहिली. तीत आखातातलं ओमाना नावाचं बंदर आहे. काही अभ्यासकांच्या मते ते हेच. तिथे भडोचहून सागवान, चंदन आणि तांबं येई. त्याच वहीत पैठण आणि तेर इथून गाड्या भरून माल भडोचला येतो असं लिहिलंय, आणि कल्याणचंही नाव आहे. इथले मोती भारतातल्यापेक्षा हलके, असंही हे गृहस्थ म्हणतात. आजीने ते ऐकून घेतलं नसतं.

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा माल ज्या बंदरातून निघे, तिथलीच जहाजं या वाळूत येत होती. चिरंजीवांना हे सांगितलं तर म्हणाले, 'त्यांना पण व्हिसा लागायचा का?'

जाताना नोव्हेंबर ते मार्च हेच दिवस धरा. अद-दूरला सावली नाही, टोपी आणि पाणी न्या, चपलांऐवजी बूट घाला, आणि आत सोडतात का याची आधी चौकशी करा. वाटेत अजमानच्या समुद्राकाठी चौकोनी टेहळणी बुरूज लागतो, त्याचं नाव अल मुरब्बा. अरबीत त्याचा अर्थ चौकोन, पण गाडीतल्या लहान मंडळींना ते पटवून देता देता आंब्याच्या मुरंब्याची बाटली घरी राहिली हे सगळ्यांना आठवलं.