बरणींतला क्रेफिश

आमच्या प्रयोगशाळेंतल्या कपाटाच्या वरच्या फळीवर एका कांचेच्या बरणींत एक क्रेफिश आहे. युरोप-अमेरिकेंतल्या गोड्या पाण्यांत सांपडणारा हा प्राणी आमच्या नद्यांचा मूळचा रहिवासी नव्हे. आमच्याकडे विद्यार्थी अभ्यासतात तो नदींतला झिंगा, आणि त्यावर पटवर्धनांचा १९३७ सालचा ग्रंथहि आहे. परंतु हक्स्लेसाहेबांनीं १८८० सालीं या एकट्या क्रेफिशवर पुस्तक लिहून साऱ्या प्राणिशास्त्राचा परिचय करून दिला. त्यामुळें आम्हां इंग्रजी पुस्तकांवर वाढलेल्या लोकांना हा परदेशी पाहुणा घरच्या झिंग्याहूनहि जवळचा वाटतो.

त्याची शरीररचना मला तोंडपाठ आहे. वरून पाहिलें तर दोनच भाग दिसतात. पुढचें अखंड शिरोवक्ष आणि मागचें कड्याकड्यांचें उदर. पण हें अखंडत्व वरवरचें! पाठीवरच्या ढालीखालीं डोक्याचे ५ आणि छातीचे ८ खंड एकजीव झालेले असतात. उदराचे ६ तेवढे मोकळे राहिले. ज्याला ही गणती पटत नसेल त्यानें प्राणी उलटा करून पाहावा. खंडाखंडाला अवयवांची एकेक जोडी आहे. शृंगिकांच्या २, जबड्यांच्या ३, घास तोंडाकडे सारणाऱ्या जंभपादांच्या ३, पायांच्या ५, उदराखालच्या पोहण्याच्या पादांच्या ५ आणि शेपटीच्या पंख्याची १, अशा एकूण १९ जोड्या. अगदीं शेवटच्या पुच्छखंडाच्या वांट्याला मात्र कांहीं नाहीं. पायांपैकीं पहिली जोडी म्हणजेच त्या जाडजूड नांग्या. मूळ घडण एकच, पण कोणी चांचपतो, कोणी चावतो, कोणी चालतो. एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबासारखाच हा प्रकार!

वीसएक वर्षांपूर्वीं प्रात्यक्षिक परीक्षेंत मीं हीच बरणी मांडली होती. एका मुलानें आकृति सुरेख काढली, पण डावी नांगी उजवीच्या निम्म्यानें रेखाटली. मीं तांबड्या पेन्सिलीनें तिच्यावर फुली मारली आणि गुण कापले. दुसऱ्या दिवशीं तो भीतभीत माझ्या खोलींत आला.

"पुस्तकांतली आकृति नीट पाहा," मीं म्हणालों.

"सर, मीं बरणी पाहिली होती," तो म्हणाला.

हें उत्तर मला उद्धटपणाचें वाटलें. पुढच्या वर्षीं त्यानें आमचा विषय सोडला.

मागच्या उन्हाळ्यांत कपाटाला रंग द्यायचा म्हणून बरण्या खालीं काढल्या. क्रेफिशची बरणी खिडकीशीं धरून मी सहज फिरवली, आणि जागच्या जागीं थिजलों. डावी नांगी खरोखरच लहान होती! तशीच रेखीव, पण निम्मी. शत्रूच्या तावडींत सांपडलेला पाय हा प्राणी मुळाजवळच्या ठराविक जागीं तोडून टाकतो. मग एकेका कात टाकण्याबरोबर नवा पाय फुटून वाढत जातो. हें मी दरवर्षीं वर्गांत शिकवतों. बरणींतल्या क्रेफिशची नांगी भरून येण्यापूर्वींच तो पकडला गेला असावा. एवढी वर्षें ती बरणी मीं हातांत घेतली, पण आंतला प्राणी पाहिला नाहीं. मला तो पाठ होता ना!

त्या मुलानें विषय माझ्या फुलीमुळेंच सोडला असें मी म्हणत नाहीं. पण तसें नव्हतें असेंहि छातीला हात लावून मला म्हणवत नाहीं. त्याचा पत्ता आज माझ्यापाशीं नाहीं. असता तर चार ओळींचें पत्र लिहून त्याचे गुण त्याला परत केले असते.

यंदाच्या परीक्षेंत ती बरणी मीं पुन्हां मांडली. मुद्दामच कांहीं बोललों नाहीं. बावीस मुलांपैकीं दोघांनीं डावी नांगी लहान काढली. त्यांना पुरे गुण देतांना हातांतली तांबडी पेन्सिल क्षणभर थांबली. बाकीच्या विसांनीं दोन्ही नांग्या अगदीं सारख्या, सुबक काढल्या होत्या. त्यांच्यावर फुली मारण्याचा धीर मला झाला नाहीं. तें सारें त्यांना मींच शिकवलें होतें.