देव ज्या पाण्यावरून गेले

रायबंदर, शनिवार

ती. आईस,
शि. सा. न.

सुखरूप पोहोचले. नाशिकरोडला धरलेली आपली मंगला एक्स्प्रेस मांडवी ओलांडते ती दिवाडी बेटावरून. रूळ बेटावरून जातात, पण गाडी तिथे थांबत नाही. बेटावर पाऊल टाकायचं तर पुढे उतरून मागे फिरायचं आणि फेरीबोट धरायची.

आज मात्र आधी शेजारच्या चोडण बेटावर जाऊन आले. पणजीहून रायबंदरला येणारा रस्ता पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात खाजणातून बांध घालून काढलेला, सरळ तीन किलोमीटरचा. त्याच्या टोकाला फेरीचा धक्का. चालत चढणाऱ्याला तिकीट नाही. शाळेची मुलं, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, सायकलवाला पाववाला, सगळे पुलावरून चालल्यासारखे आत जातात आणि त्यांना कुणी पैसे विचारत नाही. मला हे फार पटलं. नदी हा सरकारी रस्ता आहे आणि रस्त्यावरून चालायला पैसे कशाला, असा त्यामागचा साधा विचार. अलीकडे इथे दोन्ही बाजूंनी गाड्या चढू-उतरू शकतील अशा नव्या रो-रो बोटीही आल्या आहेत. त्यांच्यामुळे नदी पार करण्याचा वेळ बराच कमी झाला.

धक्क्यावर एक आजोबा भेटले. ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हाच्या रांगा त्यांनी मला सांगितल्या. पूल पडला आणि सगळ्या गोव्याला पुन्हा बोटींची आठवण झाली. तोवर लोकांना वाटू लागलं होतं की फेरी म्हणजे जुन्या काळातली गोष्ट.

बाबांना सांग, चोडणच्या पश्चिम टोकाला सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, १९८८ चं. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. आपल्या नांदूर मध्यमेश्वरसारखं उघडं पाणी इथे नाही. खारफुटीची दाट मुळं, चिखल, आणि त्या चिखलावर उड्या मारणारे मासे! खंड्या दिसले, बगळे दिसले. ओहोटीला जावं, असं तिथल्या माणसानं सांगितलं, म्हणजे चिखल उघडा पडतो आणि पक्षी खायला उतरतात.

तुझी लेक


दिवाडी, रविवार

ती. आईस,
शि. सा. न.

चोडणहून दिवाडी समोर दिसते, पण मला सरळ जाणारी बोट मिळाली नाही. परत रायबंदरला यायचं आणि दुसरी बोट धरायची. मी मुद्दाम थोडं पुढे जाऊन जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून निघाले. धक्क्याकडे जाताना व्हाइसरॉयची कमान लागते. नवा गव्हर्नर गोव्यात आला की नदीतून येऊन याच कमानीखालून शहरात शिरायचा. त्या शहराची माणसं तापाच्या साथींनी ओस पडलेली घरं सोडून गेली. धक्का मात्र अजून चालू आहे.

बोट बेटाला लागली की आधी दोन्ही बाजूंना भातशेती आणि मधून अरुंद रस्ता. ही खाजणं समुद्राच्या पातळीच्याही खाली असलेली. बांध घालून खारं पाणी अडवायचं आणि बांधात लाकडी दारांची मानस बसवायची. भरतीच्या दाबानं ती आपोआप बंद होतात, ओहोटीला उघडतात. खारवट जमिनीतही तगणारा कोरगुट भात इथला. हे सगळं गावकऱ्यांनी एकत्र येऊन सांभाळायचं, कारण एकाचा बांध फुटला तर सगळ्यांच्या शेतात खार येतो.

टेकडीवरच्या पिएदादच्या चर्चला गेले. तिथल्या स्मशानातल्या लहानशा चॅपेलचं छत पाहिलं, तर दगडात कोरलेली कमळाची नक्षी! कदंबांच्या काळातल्या देवळाचा तुकडा. आत येशू, आणि त्याच्यावर ते छत.

बेटाला रस्त्याचा पूल नाही. पूल हवा म्हणणारे आहेत, नको म्हणणारेही. रात्री एखाद्याला अचानक छातीत कळ आली तर धक्क्यापर्यंत जायचं, बोट यायची वाट बघायची, ही भीती खरी आहे, आणि ती ज्याला सोसावी लागते त्याचं म्हणणं आपण फक्त ऐकावं. पण पूल झाला तर जमिनीच्या दलालांच्या गाड्या पहिल्या येतील, हेही इथल्या लोकांना दिसतं. माझं मत विचारशील तर, आधी चोवीस तास चालणारी बोट आणि बेटावर एक बरा दवाखाना. त्यानंतर पुलाचं बोलावं.

उद्या सोमवार. तू कपालेश्वराला जाशील. मी दिवाडीवरच्या जुन्या नार्व्याच्या कोटितीर्थावरून पलीकडच्या नार्व्याला.

तुझी लेक


नार्वे, सोमवार

ती. आईस,
शि. सा. न.

आजची बोट सगळ्यात लहान प्रवासाची, आणि मला सगळ्यात मोठी वाटली. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर त्याचं नाव आहे. चौदाव्या शतकात बहामनी सैन्यानं ते पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं पुन्हा उभारलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पुन्हा पाडलं. मग डिचोलीच्या नारायण शेणवी सूर्यराव सरदेसायांनी लिंग गुपचूप नदीपलीकडे नेलं. मी आज दिवाडीहून नार्व्याला आले, ते हेच पाणी. किती जणांनी तो दगड उचलला असेल, होडी केवढी असेल, पहारा कुठे असेल, हे सगळं मनात येत राहिलं.

देऊळ लहान आहे. उतरत्या कौलांचं, वर घुमट, समोर दीपस्तंभ. आत पैलू पाडलेलं धारालिंग, तुळतुळीत. दारावरचा शिलालेख मी पुन्हा पुन्हा वाचला: शके १५९०, म्हणजे नोव्हेंबर १६६८. शिवाजी महाराजांनी या देवळाचं काम करवून घेतलं त्याची नोंद. पोर्तुगीजांच्या सरहद्दीवर, नदीच्या अगदी काठाला, देऊळ पाडल्या गेलेल्या देवाला महाराजांनी पुन्हा घर दिलं. २०२३ मध्ये गोवा सरकारनं जीर्णोद्धार पुरा केला, तेव्हाही शिलालेख जागेवरच ठेवला.

नदी ओलांडणारा हा एकटाच देव नव्हे. दिवाडीचा गणपती आज खांडोळ्याला आहे. चोडणची देवकी बाळकृष्णाला घेऊन मयेमार्गे माशेलला गेली. आई आणि मूल अशी एकत्र पुजली जाणारी ती मूर्ती मला बघायचीच आहे. उद्या सकाळच्या बोटीनं परत दिवाडी, तिथून जुनं गोवं, आणि मग माशेलची कदंब बस.

तुझी लेक