जोर कुठे द्यायचा?

भाचीची लेक ह्यूस्टनला शाळेत स्पॅनिश शिकते. दर रविवारी फोनवर थोडी शिकवणी माझीही होते. गुरू तेरा वर्षांची, शिष्य चौसष्ट! :)

या भाषेत मला आवडलं ते हे, की जोर कुठे द्यायचा ते लिहिलेल्या शब्दावरूनच कळतं. शब्द स्वराने, एन किंवा एसने संपला तर शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर जोर, नाहीतर शेवटच्या. नियमाबाहेरच्या शब्दाच्या स्वरावर एक तिरपी रेघ. ती शोभेची नव्हे. 'आब्लो'मधल्या 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. शब्द तोडायचाही 'आ-ब्लो' असा. आपली जीभ मात्र 'आब्-लो' म्हणू पाहते.

कोल्हापूरला हा नियम लावला तर जोर 'पूर'वर आणि एच मुका, म्हणजे 'कोलापूर'. अगदी आपल्या पेठेतला उच्चार की हो!

मग तिने विचारलं, "आजोबा, मराठीत अशी रेघ का नाही?"

आपल्याकडे जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, पण आघात असेल तरच. 'सत्य'मधला 'स' गुरू, 'तुझ्या'मधला 'तु' लघुच. आघात ओळखायचा कानाने. इथल्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी या लघु-गुरूंवर 'छंदोरचना' हा मोठा ग्रंथ लिहिला, १९३८ साली त्याबद्दल डी.लिट. मिळवली. पण रोजच्या लिहिण्यात खूण नाही ती नाहीच. 'ज'चे दोन उच्चारही आपण एकाच अक्षरात भागवतो. कोल्हापुरातल्या पोराला त्याने काही अडत नाही, कारण घरात दिवसभर तेच कानावर पडतं.

ह्यूस्टनला अडतं. माझी बहीण गेली त्याला दोन वर्षं झाली. तिची पत्रं भाचीने जपून ठेवलीत. नात अक्षर अक्षर लावून ती वाचते. एका पत्राच्या शेवटी आहे, 'सुखानं जग.' तिने तो 'जग' जगाच्या नकाशातला वाचला. अक्षरं सगळी बरोबर, आणि आजीचा आशीर्वाद मात्र हरवलेला.

आता स्पॅनिशनंतर एक पत्र. मी वाचतो, ती मागून म्हणते, आणि झेरॉक्सवर पेन्सिलीने हव्या त्या अक्षरावर तिरपी रेघ मारते. मराठी व्याकरणात अशी रेघ नाही. मी ती खोडायला सांगणार नाही.

तुमच्याकडची परदेशातली मुलं मराठी मोठ्याने वाचतात का? जरूर कळवा.