गुंतवळ

जेवणं उरकून गल्ली जरा आडवी झाली की ती येते. "केसाईवर भांडेऽऽ." वाशिमच्या जुन्या वस्तीत जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका पुष्कळ फिरतात, ही केसांवर देते. परवा शेजारच्या काकूंनी दाराआडच्या खिळ्याची पिशवी काढली आणि तिच्यापुढे उपडी केली. आतून गुंतवळाचे गोळे निघाले. तिने एक गोळा उचलला, दोन अंगठ्यांनी फाकवला, एक केस ओढून काढला, उजेडाकडे धरला, परत गोळ्यात कोंबला. मग म्हणाली, "तेल लय हाय बाई याच्यात. वजन तेलाचंच भरते."

"तेल नाही लावलं त केसं येतील कुठून तुले द्यायले?" काकूंचा सवाल.

एका स्टीलच्या वाटीवर आणि वर दोन चापांवर सौदा पटला. ती पुढच्या दारी गेली, काकू वाटी वाजवून पाहत आत गेल्या. मी मात्र ओट्यावरच बसून राहिले. काकू रोज सकाळी फणीतले केस बघून हळहळतात. "पाह्य, मूठभर गेले." आणि तेच केस पिशवीत भरले, की त्यांची वाटी होते.

आमच्या आजीची पिशवी नव्हती. परसातल्या मातीच्या भिंतीला एक फट होती, तिच्यात ती गुंतवळ खोचायची. केस वाऱ्यावर सोडले तर चिमण्यांच्या पायांत अडकतात, आणि कोणाच्या हाती पडले तर करणी करतात, अशी दोन कारणं ती एका दमात सांगायची. चिमण्यांचं मला तेव्हाही पटायचं. आजीची फणी लाकडी, दोन्ही बाजूंनी दात असलेली. एक बाजू विंचरायला, एक उवा काढायला. शिकेकाई, रिठा, आवळकाठी लोखंडी कढईत उकळायची आणि ते काळं पाणी डोळ्यांत गेलं की मी सगळी गल्ली डोक्यावर घ्यायची. शिकेकाईबद्दल आता लोक हळवे होऊन बोलतात. मला तिची आठवण झाली की अजून डोळे चुरचुरतात, आणि शाम्पूच्या शोधाबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

ते गोळे पुढे कुठे जातात हे मला बरंच उशिरा कळलं. कर्नाटकात कोप्पळला लागून भाग्यनगर नावाचं गाव आहे, तिथे हा गुंतवळ सोडवण्याचा धंदा चालतो. फणीतल्या केसांची टोकं आणि मुळं उलटसुलट झालेली असतात. केसावर बारीक खवले असतात आणि ते सगळे टोकाच्या दिशेने असतात; एक केस सुलटा आणि शेजारचा उलटा लागला की खवले एकमेकांत अडकतात आणि गाठ बसते. तिरुपतीला मुंडण करून निघालेल्या केसांना भाव जास्त तो यासाठी, कारण त्यांची मुळं एका बाजूला असतात. आमच्या काकूंचा माल मात्र हाताने उकलायचा, लांबीप्रमाणे लावायचा, आणि मग तो परदेशी जातो, कोणाचा तरी टोप व्हायला. चोरट्या वाटेने इतका माल बाहेर जाऊ लागला की २०२२ च्या जानेवारीत केंद्र सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. केसांमधून एल-सिस्टीन नावाचं एक द्रव्यही काढता येतं. ब्रेडची कणीक सैल पडावी म्हणून ते वापरतात. हे वाचलं त्या दिवशी मी चहाबरोबर पाव खाल्ला नाही, दुसऱ्या दिवशी खाल्ला.

तर काकूंची हळहळ. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि दिवसाला पन्नास ते शंभर गळणं हा नेमच आहे. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर. मग दोनतीन आठवडे आवरतं घेतो आणि तीनएक महिने नुसता मुळाशी बसून राहतो. त्यानंतर गळतो, कारण खालून नवा येत असतो. डोकं म्हणजे आपापल्या तिथीने पेरलेली लाखभर वावरं समजा. कुठे पीक उभं, कुठे पडीत, त्यामुळे सगळं रान एकदम उघडं कधी पडत नाही. पण मोठा ताप आला, ऑपरेशन झालं, घरात कोणी गेलं, पोरीने उपाशी राहून वजन उतरवलं, की बरीचशी वावरं एकदम पडीत पडतात. आणि हे लगेच दिसत नाही. दोनतीन महिन्यांनी, सगळं विसरून बाई कामाला लागलेली असते तेव्हा, मोरीच्या जाळीत केसांचा पुंजका साचतो. ती शाम्पूला शिव्या देते, नाहीतर बोअरच्या पाण्याला. दिवाळीत गळणाऱ्या केसांचं कारण श्रावणातल्या तापात असतं, पण श्रावण कोणाच्या लक्षात राहतो?

आजीजवळ याचं वेगळं गणित होतं. लेकरू खुदकन हसायला लागलं की मायचे केस गळतात, असं ती म्हणायची. लेकराचं हसू केसं नेते. यात हसण्यासारखं काही नाही. गरोदरपणी शरीरातल्या इस्ट्रोजेनमुळे गळायचे केसही गळत नाहीत, वेणी कधी नव्हे ती जाड होते. बाळंतपणानंतर ते इस्ट्रोजेन एकदम उतरतं आणि थोपवलेले सगळे केस एकत्र निघतात. तीनचार महिन्यांनी. तेव्हाच तर लेकरू आवाज काढून हसायला लागलेलं असतं. आजीने कारण चुकीचं दिलं पण तारीख बरोबर सांगितली, आणि वर बाळंतिणीला घाबरण्याऐवजी कौतुकाचं निमित्त दिलं. वर्षभरात केस बहुधा परत भरतात. हे सांगायला मला लेख लागतो, तिला एक ओळ पुरायची.

म्हणूनच बुलडाण्याची बातमी आली तेव्हा इथल्या बायकाही हबकल्या. २०२४ चा डिसेंबर सरता सरता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा या गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले. आधी डोक्याला खाज, कोणाला ताप, कोणाचं डोकं दुखायचं. मग तीनचार दिवसांत टक्कल. महिन्यांचा हिशोब तिथे नव्हताच. नुसता हात फिरवला तरी बटच्या बट निघे, आणि दुखत नसे. बाप्ये टोपी घालू लागले, बायका पदर घट्ट धरू लागल्या, कॉलेजातल्या पोरी घराबाहेर पडेनात. चाई कोणाला माहीत नाही? गल्लीत एखाद्याला पडते, रुपयाएवढी, कोणी लसूण चोळतं, कोणी नवस बोलतं. पण गावच्या गावाला चाई पडत नाही.

संशय आधी पाण्यावर गेला. तो सगळा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात बोअर मारली की खारट पाणी लागतं, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नमुने घेतले, नायट्रेट वाढलेलं निघालं, पण नायट्रेटने असे केस जात नाहीत. मग डॉक्टर बुरशी म्हणाले. वैद्यकीय संशोधन परिषदेची, आयसीएमआरची, पथकं आली. लोकांचं रक्त, लघवी आणि केस तपासले तेव्हा सेलेनियम भलतंच वाढलेलं आणि जस्त कमी झालेलं सापडलं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावरच्या उपचारात आयुष्य घातलं आणि २०२२ मध्ये ज्यांना पद्मश्री मिळाली, ते स्वतः त्या गावांत गेले. त्यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हाकडे. पंजाब-हरियाणाकडून आलेल्या त्या गव्हात त्यांच्या तपासणीत किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. १८ गावांतल्या २७९ जणांना याची झळ लागली होती. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी काही जमिनींत सेलेनियम जादा आहे, ते मातीतून पिकात चढतं, हे शेतीशास्त्राला ठाऊक असलेलं.

मला त्यांच्या अहवालातला सगळ्यांत जास्त खुपला तो एक लहानसा आकडा. धुतलेल्या गव्हात १३.६१. म्हणजे कोणीतरी बाईने गहू पाखडला, निवडला, दोन पाण्यांनी धुतला, उन्हात वाळवला, गिरणीवर नेला. घर सांभाळणं ज्याला म्हणतात ते सगळं केलं. आणि त्याने फरक पडला तो एवढाच, कारण जे होतं ते दाण्याच्या आत होतं. पुढे बऱ्याच जणांचे केस परत आले. मग एप्रिलमध्ये काहींची नखं ठिसूळ होऊन गळायला लागली.

गंमत म्हणावी तर हेच सेलेनियम कोंड्याच्या औषधी शाम्पूत असतं, सेलेनियम सल्फाइड. बाहेरून लावलं तर औषध. कोंडा वाढवणारी बुरशी, मॅलॅसेझिया, आपल्या टाळूच्या तेलावर जगते, म्हणून कोंड्यावर रात्रभर तेल थापणं म्हणजे तिला जेवायला घालणं. हे मी काकूंना एकदा सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

केस स्वतःहून उपटणारेही आमच्याकडे येतात. त्याच शेगावहून आषाढीसाठी निघणारी गजानन महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते, मेडशी, शिरपूर, रिसोड करत. शिरपूर जैनांचं. तिथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर दिगंबर-श्वेतांबर वादात १९८१ पासून कुलूपबंद होतं, ते २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उघडलं. तिथे मुनी येतात, आणि मुनी वस्तरा लावत नाहीत. केशलोच करतात. दिगंबर मुनी दोन ते चार महिन्यांत एकदा, त्या दिवशी उपास धरून. बोटांना राख लावायची, केस सटकू नयेत म्हणून, आणि चिमटीचिमटीने उपटायचे. वस्तरा ठेवला तर वस्तू बाळगली, न्हाव्याकडे गेलं तर दुसऱ्यावर अवलंबलं, वाढू दिले तर उवा, आणि उवा मारायच्या नाहीत. चोख युक्तिवाद. मला तो पेलणारा नाही, पण आवडतो.

त्वचेचे डॉक्टरही चिमटीत केस धरतात. चाळीस-साठ केसांची बट बोटांत घ्यायची आणि हलके ओढायची. पाचसहाहून जास्त हातात आले तर गळती चालू आहे असं समजायचं. घट्ट केस ओढला तर दुखतो, म्हणजे मूळ जागेवर आहे. बोंडगावातल्या लोकांना दुखलं नव्हतं.

काकूंची सून लेकराला घेऊन आली होती. लेकरू हसतंय, वेणी पातळ झालीय. "ताई, कोणतं तेल लावू?" मी म्हटलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे, पोटभर जेव, सहा महिने थांब.

"म्हंजे तेल नाही सांगत?"

तिचा चेहरा इतका पडला की मी जवसाचं नाव घेतलं. लावायला नव्हे, चटणी करायला. लसूण आणि तिखट घालून. केसांचं काय होईल ते होवो, ज्वारीच्या भाकरीबरोबर ती चांगली लागते.