हलकंही आणि पोटभरीचंही

डॉक्टर म्हणाले, ‘‘वजन उतरवायचंय ना? मग रात्रीचं जेवण हलकं ठेवा.’’ बायकोची संध्याकाळची ड्यूटी, तेव्हा हे हलकं जेवण रांधायचं मीच. चहा आणि ऑम्लेटच्या पलीकडे माझी मजल नव्हती. सूप सोपं असेल, असं वाटलं.

पाककृती वाचायला घेतल्या आणि गोंधळ सुरू झाला. ‘वजन कमी करणाऱ्या’ एका सुपात सुरुवातीला मोठा चमचाभर बटर, मध्ये कॉर्नफ्लोअर आणि वरून क्रीम. चौदा ग्रॅम बटरमध्येच सुमारे १०० कॅलरी! दुसरीकडे कोबी आणि गाजराचं निव्वळ उकळलेलं पाणी. ते हलकं खरंच, पण प्यायल्यावर तासाभरात चिवड्याचा डबा उघडणार, याची मला खात्री होती. हलकंही हवं आणि पोटभरीचंही, हे जमायचं कसं?

शेवटी रत्नागिरीला ताईला फोन लावला. ‘‘मुगाची डाळ आहे ना घरात? मग कॉर्नफ्लोअर कशाला? डाळीनंच दाटपणा येतो,’’ ती म्हणाली. मग तिनं सांगितलं आणि मी विजेच्या बिलामागे लिहून घेतलं: मूगडाळ ६० ग्रॅम, दुधी ३०० ग्रॅम, दोन टोमॅटो, आल्याचा तुकडा, हळद, लिटरभर पाणी. ‘‘आणि दुधीची कच्ची चकती आधी चाखून बघ. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून दे.’’ मला वाटलं, ही जुनी समजूत असणार. पण कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात आणि ती शिजवूनही जात नाहीत, हे नंतर वाचलं. माझा दुधी फिका निघाला.

कुकर लावला. तीन शिट्ट्या. पहिली खणखणीत वाजली, दुसरी नुसतीच फुसफुसली. ती धरायची की नाही? बिलामागे याचं उत्तर नव्हतं. शेवटी मोजली नाही. वाफ जिरल्यावर झाकण उघडलं तर डाळ पार विरघळलेली. आता मिक्सर. ‘‘गरम घालू नकोस हं, वाफेनं झाकण उडेल,’’ ही ताकीद आधीच मिळाली होती. म्हणून पोटात कावळे ओरडत असताना डाळ निवायची वाट बघत बसलो.

पुढची पायरी आधी वाचलेल्या पाककृतींत होती: ‘गाळून घ्या.’ हातात गाळणी घेऊन मी थबकलो. दुधीचे धागे, टोमॅटोची सालं, डाळीचा लगदा हे सगळं वर राहणार आणि खाली पुन्हा पाणीच! फोन लावला. ‘‘गाळतोस कशाला? निम्मं फिरव, निम्मं तसंच ठेव. दाताखाली काही आलं नाही तर जेवल्यासारखं वाटेल का?’’

सुपानं पोट भरतं, याला प्रयोगशाळेचाही दुजोरा आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही स्त्रियांना जेवणाआधी चिकन-भाताचा एक पदार्थ दिला, कधी नुसता, कधी सोबत पेलाभर पाणी, तर कधी तेच पाणी घालून शिजवलेलं त्याचंच सूप. सूप घेतलं त्या दिवशी पुढच्या जेवणात त्यांनी सुमारे १०० कॅलरी कमी खाल्ल्या. सोबत पाणी पिऊन तो फरक पडला नाही. पाणी अन्नातच शिजलेलं असलं, की त्याच कॅलरीत आकारमान वाढतं आणि पोट लवकर भरतं.

आता फोडणी. एक छोटा चमचा तूप, जिरं, ठेचलेला लसूण, मिरपूड. तूप बघून मी कचरलो होतो, पण पाच ग्रॅम तुपाच्या ४५ कॅलरी दोन वाडग्यांत वाटल्या जातात आणि तेवढ्यानं घरभर जेवणाचा वास सुटतो. मिठाला मात्र हात आखडला, कारण जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. शिवाय जास्तीच्या मिठानं शरीरात पाणी साठतं आणि सकाळी वजनकाटा उगाच घाबरवतो. वरून लिंबू पिळलं, तेव्हा मीठ कमी असल्याचं जाणवलंही नाही.

हिशेब केला तर वाडग्यामागे साधारण पावणेदोनशे कॅलरी आणि डाळीतली सात ग्रॅम प्रथिनं. सोबत अर्धी ज्वारीची भाकरी घेतली. वजनाचं काय ते दोन-तीन महिन्यांनी कळेल. पण हलकं करायचं म्हणजे डाळ-भाजी कमी करायची नाही, फक्त लोणी आणि साय वगळायची, एवढं नक्की समजलं. उद्या दुधीऐवजी लाल भोपळा घालणार आहे, आणि गाळणी चहापुरतीच.